अ‍ॅडमिनभाऊ

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. यवतमाळच्या वाघापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे अ‍ॅडमिनभाऊ म्हणतात. परवा तर पोस्टमननेही 'अ‍ॅडमिनचं घर कोणतं?' म्हणूनच विचारलं. वय साठीच्या अलीकडेपलीकडे, गळ्यात दोरीला मोबाइल, खिशात दोन पेनं. एक सहीसाठी, दुसरं नियम सुचला तर तळहातावर टिपून ठेवायला.

कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला 2018 च्या उन्हाळ्यात. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता. टँकर कोणत्या गल्लीत शिरला हे कळावं म्हणून भाऊंनी भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, घरोघरी जाऊन नंबर गोळा केले. ग्रुपचं नाव ठेवलं 'पाणी आलं काय?' पावसाळ्यात पाणी आलं, टँकर गेले, ग्रुप मात्र राहिला. रिकाम्या टाकीत शेवाळ धरावं तसे त्यात सूर्योदय, सुविचार आणि मूळव्याधीवरचे उपाय साचू लागले. मग भाऊंनी नियम केले.

नियम आजमितीस एकोणीस आहेत. चौथा : गुड मॉर्निंग सकाळी सात ते साडेसात. नववा : वाढदिवसाचा केक एकानेच टाकावा, बाकीच्यांनी 'अनुमोदन' लिहावं. बारावा : निधनाच्या बातमीवर अंगठा दाखवू नये. हा बारावा एका काकूंमुळे आला. कोणाच्या तरी तेरवीच्या निरोपाखाली त्यांनी अंगठा दाखवला आणि वर 'नक्की येऊ, खूप मज्जा करू' असंही लिहिलं. निरोप बारशाचा आहे असं त्यांना वाटलं होतं.

शिक्षेच्याही पायऱ्या ठरलेल्या. पहिली ताकीद खासगीत, दुसरी चारचौघांत, तिसऱ्या वेळी थेट बाहेर. यात आपपर नाही. एकदा सख्ख्या साळ्याला रात्री साडेनऊला सुविचार टाकल्याबद्दल काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा आला नाही, दुपारी वरणात मीठ नव्हतं. संध्याकाळी साळा 'चौकशीअंती' परत आत.

या कडकपणामागे एक भीती होती. कोणी काही वेडंवाकडं टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात, असं त्यांनी ऐकलं होतं, तेही एका फॉरवर्डमध्येच. "पोस्ट तुमची न जेल मले!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवडणूक किंवा दुर्गोत्सव जवळ आला की दाराच्या खुंटीवर एक पिशवी टांगलेली दिसे. तिच्यात टॉवेल, बीपीच्या गोळ्या, टॉर्च आणि चार्जर.

मग 2021 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिला. सदस्याच्या पोस्टसाठी, दोघांचा संगनमताचा हेतू दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. माणसं घेणं आणि काढणं एवढाच त्याचा अधिकार, असं न्यायालय म्हणालं. आम्ही पेढे घेऊन गेलो. भाऊ कात्रण वाचून एकदम उतरले. "म्हणजे मी फक्त माणसं चढवाची न उतरवाची? हे तं बसच्या कंडक्टरचं काम झालं बाप्पा!" पेढा त्यांनी खाल्ला, पण नियमात नसल्यासारखा. पिशवी खुंटीवरून काही उतरली नाही.

त्यानंतरची ती रात्र. पावणेअकराला फोटो आला : 'वाघापूरमध्ये वाघ! घराबाहेर पडू नका!' पाच मिनिटांत कोणी डरकाळी ऐकली, कोणाला डोळे चमकताना दिसले. एका काकांनी चार पोरं काठ्या घेऊन निघाल्याचं लिहिलं. भाऊंनी फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिला आणि लिहिलं, "वाघामागच्या मैलाच्या दगडावर कानडी अक्षरं आहेत." त्यावर आमचे निवृत्त गुरुजी : "2019 साली आपल्या टिपेश्वरचा वाघ पायी पायी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. मंग कर्नाटकातला यवतमाळले काऊन नाही येणार?"

या तर्कापुढे एकोणीस नियम गप्प झाले. भाऊंनी ग्रुपला कुलूप घातलं, फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असं. मग खुंटीवरची पिशवी खांद्याला लावून ते स्कूटरवर बसले. काठ्या घेतलेली पोरं त्यांना नाक्यापाशी भेटली. काळोखात हलणारं जे काही दिसेल त्याच्यावर काठी पडली असती, मग तो वाघ असो की घरी परतणारा एखादा परका माणूस. भाऊंनी त्यांना घरी पिटाळलं. साडेबाराला ग्रुपवर एक फोटो आला : टॉर्चच्या उजेडात रिकामा रस्ता, मधोमध झोपलेलं एक कुत्रं. खाली पाच शब्द. 'वाघ नाही. कुलूप आहे. झोपा.'

सकाळी कुलूप निघताच पहिली तक्रार : आमचा आवाज काऊन दाबला? दुसरी : कुत्रं कोणाचं?

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते टॉर्चमधले सेल बदलत होते. म्हटलं, "भाऊ, कोर्टानं तं तुमाले मोकळं केलं होतं. कायले गेलते रात्री?"

"घरोघरी जाऊन नंबर मीच मांगले होते न," ते टॉर्चचं झाकण फिरवत म्हणाले. मग मान वर करून, "अन् हो, तुमचं गुड मॉर्निंग आज सात बत्तीसले आलं."