‘ऐच्छिक’ म्हणजे कुणाच्या इच्छेने?

22 मार्च 2020, रविवार. संध्याकाळी पाच वाजता कोविडशी लढणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने थाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी टेक्सासचे राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी हुकूम काढला: तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया 21 एप्रिलपर्यंत बंद. मोडणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड किंवा 180 दिवसांपर्यंत कैद. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या मराठी घरांत दोन्ही बातम्या एकाच फोनवर आल्या.

हुकूम चुकीचा होता? नाही. मास्क, गाऊन, खाटा, भूलतज्ज्ञ, सगळ्याचाच तुटवडा होता. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची, तर डॉक्टरला रुग्णाच्या तोंडाशीच वाकावं लागतं, म्हणजे संसर्गाचा धोका.

चुकीचा होता तो शब्द.

रुग्णालयात अशा शस्त्रक्रियेला ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. अर्थ एवढाच, की तारीख आधी ठरवलेली. आपण मराठीत तिचं ‘ऐच्छिक’ करून टाकलं. मग झिजलेला गुडघा ऐच्छिक? जेवण झालं की कळ काढणारे पित्ताशयातले खडे ऐच्छिक? शाळेतला ऐच्छिक विषय नावडला तर सोडता यायचा. हर्निया कुठे सोडायचा?

जगभरातल्या शल्यचिकित्सकांच्या ‘कोविडसर्ज’ गटाने मे 2020 मध्ये अंदाज मांडला: साथीच्या ऐन भरातल्या 12 आठवड्यांत 2 कोटी 84 लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. एवढ्या लोकांची इच्छा एकदम कशी बदलली?

थांबण्याला कारण होतं, हेही त्याच गटाने दाखवलं. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या 1,128 रुग्णांपैकी 23.8 टक्के 30 दिवसांत दगावले. चौघांत जवळजवळ एक. पुढे 2021 मध्ये सल्ला आला: संसर्गानंतर शक्य असेल तर सात आठवडे थांबा. हे थांबणं शहाणपणाचं होतं, कारण त्याला मुदत होती.

मुदत नसलेल्या थांबण्याचं काय?

मुंबईत परळचं टाटा रुग्णालय थांबलं नाही. 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या काळात तिथे कर्करोगाच्या 494 मोठ्या, आधी ठरवलेल्या शस्त्रक्रिया झाल्या. या शस्त्रक्रियांनंतर एकही रुग्ण दगावला नाही. गाठ टाळेबंदी पाळत नाही, हे परळने ओळखलं होतं.

टेक्सासमध्ये एप्रिलच्या अखेरीस दार किलकिलं झालं. अट होती, रुग्णालयाची पाव क्षमता कोविडसाठी राखायची. 25 जूनला पुन्हा हुकूम आला आणि चार काउंट्यांमध्ये शस्त्रक्रिया थांबल्या. त्यांत डॅलस काउंटी होती, म्हणजे अर्विंगही आलं. एकदा पुढे ढकललेली तारीख दुसऱ्यांदा ढकलली गेली, तर दुखणाऱ्या माणसाने कॅलेंडरकडे कोणत्या आशेने बघायचं?

पैशाचंही बोलू. अमेरिकी रुग्णालयांची मोठी कमाई ठरलेल्या शस्त्रक्रियांवर चालते. त्या थांबल्या आणि साथीच्या ऐन भरात अनेक रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. मार्च ते जून 2020 या चार महिन्यांत 202.6 अब्ज डॉलरचा फटका, असा अंदाज अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने मांडला. रुग्णालयांचा तोटा दशांश चिन्हापर्यंत मोजला गेला.

रुग्णाचा कुणी मोजला?

रोजच्या आकड्यांत बाधित होते, खाटा होत्या, व्हेंटिलेटर होते. रात्रभर कूस बदलणारा गुडघा त्यात नव्हता. मोजलं नाही ते दिसत नाही, आणि दिसत नाही त्याची सोय होत नाही.

पुढची साथ येईलच. तेव्हा रिकाम्या खाटांच्या आकड्याशेजारी ताटकळणाऱ्यांचाही आकडा रोज छापा. ढकललेल्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरचा फोन जाऊ द्या: दुखणं वाढलंय का, काय वाढलंय?

आणि तो शब्द आधी बदला. ‘ठरलेली शस्त्रक्रिया’ म्हणा.

ठरलेलं मोडलं, की नवी तारीख द्यावी लागते.