आमचे भावी कॉन्ट्रॅक्टर अण्णा यांस

जुळे सोलापूर

आदरणीय अण्णा,


तुमचं नाव आमच्या मेहुण्यांनी सुचवलं. ‘आपलाच माणूस आहे, डोळे झाकून काम द्या,’ म्हणाले. त्यांचं घर तुम्ही बांधलंय का, असं विचारायला गेलो तर ध्यानात आलं, ते अजून भाड्याच्या घरात राहतात. त्यांच्या साडूच्या लग्नात तुम्ही पंगतीला शेजारी बसला होतात, एवढ्यावर त्यांनी तुमच्या बांधकामाची हमी घेतली. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण आपलीच माणसं या गावात फार आहेत आणि प्रत्येकाला वेगळं लिहायला सवड नाही.

परवा तुम्ही प्लॉटवर आलात. चपलेच्या टोकानं काळ्या मातीत एक रेघ ओढलीत, आभाळाकडं बघितलंत आणि चौरस फुटाचा दर सांगून मोकळे झालात. नकाशा माझ्या हातातच राहिला. पाया किती खोल घ्यायचा म्हटलं तर ‘पाच फूट बास हुतंय की वो’ असं उत्तर आलं. आमचा इंजिनिअर बिचारा पुस्तकी माणूस. तो म्हणतो, ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे तिथूनच सुरू होतात. खड्डे घेऊन बघा, चांगला मुरूम लागेल तिथं पाया बसवा. मुरूम किती खाली आहे हे तुम्हाला चपलेतून कळतं, त्याला खोदावं लागतं. शिकलेल्या माणसाची हीच अडचण.

दराबद्दल मात्र थोडं बोलू द्या. ‘मटेरियलसह’ एवढंच तुम्ही म्हणालात. त्या ‘सह’मध्ये काय काय बसतं हे मी गल्लीत चौकशी करून जमवलं. पोर्च अर्धा धरतात की पूर्ण, हे हिशेबाच्या दिवशी ठरतं. जिन्याची टोपी एक्स्ट्रा. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड हे सगळं एक्स्ट्रा. दारं दरात असतात, पण कडी-कोयंडे मालकाचे. फरशी दरात असते, पण ज्या किमतीची धरलेली असते ती दुकानदारानं कित्येक वर्षांत पाहिलेली नसते. म्हणून एक उद्धट विनंती आहे. सिमेंट कोणत्या कंपनीचं, गज कोणते, वीट मातीची की फ्लाय अॅशची, वायर कोणती, नळ कोणते, फरशी किती रुपये फुटाची, हे सगळं एका कागदावर लिहून खाली सही करा. खडी आणि क्रश सँड ब्रासवर येणार, तर गाडी रिकामी व्हायच्या आधी हौद्याला टेप लावायची मुभा मला असू द्या. गजाचंही तसंच. बारा मिलिमीटरचा बारा मीटर लांब गज साधारण 10.6 किलो भरला पाहिजे. वजनकाट्याची पावती मागितली तर राग मानू नका, तो गणिताचा दोष आहे.

‘विश्वास नाही का मालक?’ असं तुम्ही विचारणार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना असं विचारायची सोय नाही. दिवसभर पाठ मोडून विड्या वळायच्या, कारखान्यात न्यायच्या, आणि तिथं त्या तपासल्या जातात. पान फाटलं, तंबाखू कमी पडला, की विडी छाटात. छाटाचे पैसे नाहीत. पाच-दहा मिनिटांत राख होणाऱ्या वस्तूला तपासायला पगारी माणूस बसवलाय. ज्या छताखाली माझी नातवंडं झोपणार, ते ओतताना मी नुसता मिक्सरजवळ उभा राहिलो तरी तुमचा चेहरा उतरतो.

याच बायकांनी कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कुंभारीला 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरं झाली. मग रे नगरची 30,000 ठरली, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला मिळाल्या. त्यांच्या पाठीशी संघटना होती. माझ्यासारख्या एकट्या प्लॉटवाल्यानं तुमच्या दारावर मोर्चा काढायचा म्हटलं तर मी आणि बायको दोघंच, आणि तिनं घोषणा द्यायला नकार दिलाय. त्यामुळं मोर्चाऐवजी कागद.

आता स्लॅब. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरही अंथरुणातून उठून रस्त्यावर आलं होतं. तिकडं लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसं गेली. तेव्हापासून आपल्या भागाचा माळवदावरचा विश्वास उडाला आणि सगळाच्या सगळा स्लॅबवर जाऊन बसला. पण स्लॅबला तुमची ओळखपाळख चालत नाही. आयएस 456 नावाचं एक नियमांचं पुस्तक आहे. त्यात एम-20 काँक्रीटला सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीमागं फार तर 30 लिटर पाणी लिहिलंय. तुमची माणसं पाइप सोडतात आणि माल आपोआप पसरायला लागला की बंद करतात. पसरायला सोपं जातं, मान्य. पण ते जास्तीचं पाणी पुढं उडून जातं, त्याची जागा पोकळ राहते, आणि तिथून पावसाचं पाणी आमच्या दिवाणखान्यात येतं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळं बांधलं, त्यात पाणी अजून टिकून आहे. तुम्हाला तर पाणी फक्त बाहेर ठेवायचंय.

गजाखाली कव्हर ब्लॉक हवेत, फुटक्या फरशीचे तुकडे नकोत. स्लॅबला निदान 20 मिलिमीटर काँक्रीट गजाखाली राहिलं पाहिजे, नाहीतर गज गंजतो, फुगतो आणि छताचे पोपडे ताटात पडतात. कॉलमच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवा. काटकोनात वळवलेली टोकं भूकंपात उघडतात. फिटर म्हणेल, ‘एवढं कोण बघतंय?’ मी बघणार आहे. आणि स्लॅबच्या दिवशी 15 सेंटिमीटरचे काही ठोकळे भरून ठेवू, 28 दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून बघू. मटणाचं जेवण त्या दिवशी माझ्याकडूनच, त्यात काटकसर नाही.

खरी परीक्षा स्लॅबच्या दुसऱ्या दिवसापासून. बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटच्या. तेच आयएस 456 सांगतं, अशा सिमेंटला, आणि कोरड्या गरम हवेत तर नक्कीच, किमान दहा दिवस पाणी मारा. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात. म्हणजे काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात. इथं प्यायच्या पाण्यासाठी माणूस रात्री अलार्म लावतो, तुम्ही स्लॅबला कुठलं पाणी देणार? म्हणून टँकर कुणाचा, हे आधीच लिहून ठेवू. स्लॅबवर आळी करायची, कॉलमला गोणपाट गुंडाळायचं, आणि साइटवरच्या पोराला ‘पाणी मारलं का?’ असं फोनवर विचारून भागवायचं नाही. पोरगं ‘मारलं की’ म्हणतं. पोराचा दोष नाही, त्याला तेच उत्तर शिकवलंय.

मुदतीचंही बोलून घेऊ. तुमचं पंचांग मला पाठ आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, तेव्हा सोलापुरात काम करणं म्हणजे पाप. मग उगादीला गवंडी गावाकडं जातात, त्यातले निम्मे विजापूरकडचे, परतीची तारीख देवाला ठाऊक. एप्रिल-मे लग्नसराई. जूनला पेरणी. आषाढीला सेंट्रिंगवाला वारीत, आणि वारीला गेलेल्या माणसाला फोन करणारा मी कोण? श्रावणात पाऊस, गणपतीत गणपती, दिवाळीत दिवाळी. मधेच वाळू बंद, आणि वाळू सुरू झाली की मजूर बंद. या सगळ्यातून जे दिवस उरतात तेवढ्यात दुसऱ्या साइटवरचा मालक जास्त ओरडतो म्हणून तुम्ही तिकडं. काहीच नसेल त्या दिवशी तुमचा फोन बंद. मला हे सगळे सण मंजूर आहेत. फक्त ते आत्ताच मोजून मुदत सांगा, नंतर एकेक करून सांगू नका.

पैशाचं असं, की काम पुढं आणि पैसे मागं. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅबला एक, विटकाम, प्लास्टर, असं टप्प्यानं. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत माझ्याजवळ. सप्टेंबरचा परतीचा पाऊस आमचा खरा इन्स्पेक्टर आहे, त्याला चहापाणी चालत नाही.

कायद्याची धमकी देत नाही, माहितीसाठी सांगतो. रेरा घरं विकणाऱ्या बिल्डरांसाठी, आपल्या दोघांच्या व्यवहाराला लागू नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या चेहऱ्यावरच्या शांतीचं कारण तेच असावं. पण ग्राहक आयोग आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं घर बांधून देणं ही सेवा धरली, तिच्यात खोट निघाली तर दोन वर्षांत तक्रार करता येते. तिथं लेखी करार विचारतात, मेहुण्यांना नाही.

शेवटची गोष्ट. तुम्ही पूर्वी बांधलेली तीन-चार घरं दाखवा. नवीन नकोत, निदान दोन पावसाळे काढलेली दाखवा. आणि मालकाशी मला एकट्याला बोलू द्या. तुम्ही शेजारी उभे असलात की सगळेच खूश असतात.



आपला,
एक प्लॉटधारक

ता. क. : तुम्ही टोकन म्हणून 51,000 मागितले होते. सोबत कराराचा मसुदा पाठवतोय. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागायचं, ऑक्टोबर 2024 पासून किमान पाचशेचा लागतो. तो खर्च माझा. मसुद्यावर सही करून आलात तर टोकन चेकनं मिळेल. रोखच हवं असेल तर मेहुण्यांना भेटा, त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे.