बापूंचा बुधवार

मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही गावात एक बापू असतोच. आमच्या भरे गावात तर आळीला एक निघेल. वय पन्नाशीपुढं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि ते पेन फक्त हिशेबापुरतं. थोरला पोरगा पिरंगुटच्या कंपनीत, गोठ्यात एक म्हैस, दारात चारचाकी. एरवी माणूस दिलदार. जत्रेला घरी आलेला पाहुणा पानावरून धडपणे उठून चालायला लागला, तर बापूंना वाढण्यात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. पण हाच माणूस अनलिमिटेड बार्बेक्यूच्या दारात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या अंगात बँकेचा वसुली अधिकारी संचारतो.

हा प्रकार आपल्याकडं रुळवला तो बार्बेक्यू नेशननं. त्यांचं पहिलं हॉटेल २००६ साली मुंबईत निघालं. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर शिगा आणि बाजूला एक चिमुकला झेंडा. झेंडा उभा आहे तोवर शिगा येत राहणार, आडवा केला की थांबणार. पुढं त्याच चालीवर आणखी हॉटेलं उघडली, आणि त्यांतल्या जरा स्वस्तातल्या एकावर बापूंची मर्जी बसली. मात्र झेंडा आडवा करणं त्यांना मान्य नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागं उभा राहिलेला तालुका आहे हा, असं ते पोरांना बजावून ठेवतात.

मोहिमेची सुरुवात कालनिर्णयापासून होते. हॉटेलात सोमवार ते गुरुवार दुपारचा दर कमी. पण सोमवार महादेवाचा, मंगळवार वहिनींच्या देवीचा आणि गुरुवार दत्ताचा. उरला बुधवार. त्यातून श्रावण वजा, नवरात्र वजा, एकादशी-चतुर्थी वजा. जे काही हाती लागतं त्याला बापू पेनानं गोल करतात आणि घरात संचारबंदी लागते. आदल्या रात्री ताकभात, सकाळी कोरा चहा. धाकट्यानं बिस्किटाचा पुडा फोडला, तर "आरं, तिथं पैसे मोजायचेत ना, मग हितं कशाला पोट भरतोस?" म्हणून पुडा कपाटात जातो. घोटवडे फाटा, पिरंगुट, भुकूम ओलांडून गाडी भूगावच्या कोंडीत अडकते. बाहेर वड्याचा घाणा तळायला पडलेला. बापू मुकाट्यानं काचा वर घेतात.

टेबलावर बसल्यावर पहिली येते कुरकुरीत मक्याची वाटी. मागोमाग मसाला लावलेले बटाटे. बापू वाटी जिथल्या तिथं थोपवतात. "भैया, ये बटाटा परत घेऊन जाव. कोळंबी लाव, कोळंबी!" वाढपी पोरगा ओडिशाचा, बापूंची हिंदी मुळशीची, तरी कोळंबी या शब्दावर दोघांचं एकमत होतं. मका आणि बटाटा स्वस्त, पोटात फुगणारा, म्हणून तो आधी येतो. कोळंबी महाग, म्हणून ती रमतगमत येते. हे अर्थशास्त्र बापूंना कुणी शिकवलं नाही. सरबत वर्ज्य, कारण त्याचे पैसे वेगळे. पाणी घोटभर, कारण ते फुकट असलं तरी पोटात जागा अडवतं.

मग शिगा येऊ लागतात. बापू कोळंबीची शेपटी टाकून देत नाहीत. प्लेटच्या कडेला एकेक शेपटी ओळीनं मांडत जातात. दहाची एक ओळ पुरी झाली की दुसरी सुरू. वाढप्यानं प्लेट बदलायला हात घातला की "थांब, हिशेब चालू है." वहिनी तोवर भाजलेलं अननस खाऊन तृप्त झालेल्या असतात. "अहो, झालं की आता," त्या हळूच म्हणतात. बापू ओळ बघून सांगतात, "अजून तुझं ताट निघालं नाही. तुझ्या वाटणीचंबी मलाच वसूल करायचंय."

हॉटेलवाल्यांचा डाव असा, की स्टार्टरमध्येच गिऱ्हाईक आडवं व्हावं आणि पुढच्या बिर्याणीला त्यानं हात लावू नये. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून उडवला, तरी पुरता पडेना. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. बापूंची भूक त्या पुलाच्या जातीची. सगळी स्टार्टरं फुटून गेल्यावरही तिचे गज उभेच असतात. बिर्याणीतलं मटण वेचून झालं, की गुलाबजाम आणि कुल्फीवर ते शिल्लक बाकी वसूल करतात.

याला कुणी हावरटपणा म्हणेल, पण मूळ दुखणं पोटाचं नाही, सातबाऱ्याचं आहे. बापूंच्या वडलांनी रस्त्याकडेची जमीन विकली ती एकराच्या भावानं. घेणाऱ्यानं ती पुढं विकली गुंठ्यानं, आणि आज तिथं उभ्या राहिलेल्या इमारतीतले फ्लॅट जातात चौरस फुटानं. एकरात गुंठे ४०, गुंठ्यात चौरस फूट १०८९. हा गुणाकार बापू झोपेतही करतात, ४३,५६० हे उत्तर येतं आणि तेवढ्याच कळा येतात. ठरलेल्या दरात समोरच्यानं आपल्याला गुंडाळलं, ही सल त्या दिवसापासून घरात आहे. म्हणून ठरलेल्या दराची पाटी कुठंही दिसली की बापू बाह्या सरसावतात. जमिनीत गेलेलं शिगेवर परत येत नाही, हे त्यांनाही कळतं. पण निदान एका टेबलावर तरी विकणाऱ्याला घाम फुटावा, एवढीच इच्छा.

बिल आलं की बापू चष्मा लावतात. जीएसटी ५ टक्के, तो सरकारचा, त्याला इलाज नाही. सेवाशुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला बजावलं, त्या बातमीचं कात्रण पाकिटात तयार असतं. बिल असं सोलून झाल्यावर मात्र ते त्या ओडिशाच्या पोराला बाजूला घेतात, "तू जेवला का?" विचारतात आणि शंभराची नोट त्याच्या मुठीत कोंबतात. ही रक्कम कुठल्याच हिशेबात येत नाही.

पाकिटात कात्रणाच्या मागं असतं आधारकार्ड, कारण वाढदिवस असेल तर केक फुकट. २०२२ साली १ जून बुधवारी आला, तेव्हा बापू तीन दोस्तांना घेऊन गेले. मॅनेजरनं चौघांची कार्डं पाहिली. चौघांचाही जन्म १ जूनचा! त्यानं कार्डं उलटून पाहिली, उजेडात धरली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या गावाला हीच तारीख वाटली, हे त्या शहरातल्या पोराला कोण समजावणार? शेवटी एकच केक आला, त्याच्यावर मेणबत्त्या चार, आणि वाढप्यांनी इंग्रजी गाणं म्हटलं. टाळ्या थांबल्यावर बापूंनी विचारलं, "ह्यो पण अनलिमिटेड का?"

२०२५ साली १ जून रविवारी आला. वार चालणारा, पण रविवारचा दर चढा, म्हणून वाढदिवस घरीच कोंबडी कापून झाला. पुढचा जमणारा बुधवार बापूंनी आकडेमोड करून शोधून काढलाय, तो २०३३ साली. परवा निघताना ते काउंटरवर थांबले आणि मॅनेजरला शांतपणे म्हणाले, "साहेब, तेतीसचं बुकिंग आत्ताच घ्या. दर मात्र आजचाच लावायचा. उद्या भाव वाढला म्हणून आम्ही कधी कुणाकडं मागायला गेलो होतो का?"