युतीचा धर्म आणि बारावीतली मुलगी

अलिबाग तालुक्यात मूल जन्माला आलं की त्याला तीन गोष्टी आयत्या मिळतात: आडनाव, कुलदैवत आणि पक्ष. यातलं आडनाव लग्नात बदलता येतं. दैवतालाही, नवस फळला नाही तर, शेजारच्या गावचा पर्याय असतो. पक्ष मात्र सातबाऱ्यासारखा वारसाहक्कानं चढतो आणि मेल्याशिवाय उतरत नाही.

आमच्या घराला चढला तो शेतकरी कामगार पक्ष. त्याचं मूळ चरीच्या संपात आहे. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील पुढारी होते, डॉ. आंबेडकर स्वतः चरीला येऊन गेले. संपकऱ्यांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण जमिनीत नांगर घातला नाही. या संपात आमचे पणजोबा होते. नेमकं काय करत होते याबद्दल घरात दोन मतं आहेत. आबांच्या म्हणण्यानुसार ते संपाच्या पहिल्या फळीत होते. आईच्या म्हणण्यानुसार ते सभेला शेवटच्या रांगेत बसून झोपायचे. आई या घरात सून म्हणून आल्यामुळे तिच्या माहितीवर माझा जास्त विश्वास आहे. पण झोपले असले तरी संपातच झोपले ना, हा आबांचा मुद्दाही खोडता येत नाही. १९४७ साली पक्ष स्थापन झाला तेव्हा आमचं घर तयारच बसलं होतं.

आमच्याकडे माणसं मोजायची पद्धतही पक्षाचीच आहे. बूथवर काम करणारे एक भाऊ निवडणूक लागली की मतदारयादी काखोटीला मारून दारोदार फिरतात आणि ओसरीवर टेकत विचारतात, "घरात किती मतं?" माणसं किती, हे ते विचारत नाहीत. आमच्या घरापुढे त्यांच्या यादीत वर्षानुवर्षं बरोबरच्या खुणा आहेत: आबा, आई, मी, बायको आणि मुंबईला राहूनही इथलं नाव न काढलेला धाकटा भाऊ. भाऊंनी आमच्या दारात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी घालवला नाही. पक्क्या घरात वेळ घालवत नसतात.

तर आमची कन्या बारावीत आहे. एका रात्री मी तिला मोबाइलवर काहीतरी भरताना पाहिलं आणि विचारलं तर म्हणाली, "नमुना सहा." आता सतरा पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि अठरा पूर्ण होताच नाव लागतं. आबांना मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळाला होता. एकसष्टावी घटनादुरुस्ती झाल्यामुळे मला अठराव्या वर्षी मिळाला. आणि ही सतराव्याच वर्षी दार ठोठावत होती. माझा ऊर भरून आला. घरात सहावं मत! मी तिथल्या तिथे बायकोला सांगितलं, "उद्या भाऊंना फोन करतो."

"भाऊंना कशाला?" कन्या म्हणाली. "माझं मत तुमच्यात धरू नका." आणि तिनं एका पक्षाचं नाव घेतलं.

तो पक्ष कोणता, हे मी इथे लिहिणार नाही. बायकोची तशी अट आहे. तिला अजून याच गावात भाजी आणायला जायचंय. इतकंच सांगतो, तो पक्ष आमचा नव्हता.

अशा वेळी बाप जे बोलतो तेच मी बोललो. "कधीपासून चालू आहे हे?" ती म्हणाली, अकरावीपासून. "कोणी शिकवलं तुला? क्लासमधला कोणी आहे का?" बायकोनं हातातली सुरी बाजूला ठेवली आणि तीही कान देऊन ऐकू लागली, कारण हा प्रश्न एरवी तिचा. असा कोणी असता तर एक वेळ परवडलं असतं. मुलगा असता तर त्याच्या घरी जाऊन बोलता आलं असतं, त्याच्या बापाला समजावता आलं असतं. पक्षाच्या घरी कुठे जाणार?

"कोणी नाही शिकवलं," ती म्हणाली. "मी जाहीरनामे वाचले."

आमच्या घरात चार पिढ्यांत जाहीरनामा कोणी वाचला नव्हता. आमच्याकडे जाहीरनामा वाटतात. मी स्वतः पोतंभर वाटलेत.

"आपल्या पक्षाकडे विचार आहे," मी म्हणालो. "दाभाडी प्रबंध माहीत आहे का तुला? १९५० सालचा आहे."

"तुम्ही वाचलाय?"

"आबांनी वाचलाय."

झोपाळ्यावरून आबा म्हणाले, "कपाटात आहे."

मग तिनं वही काढली. खरोखरची वही, मागच्या पानावर रसायनशास्त्राची समीकरणं असलेली. आजकालच्या पोरांना निष्ठा वगैरे काही नसते असं लोक म्हणतात ते खोटं आहे. त्यांना निष्ठा असते, फक्त ती पुराव्यासह असते आणि म्हणून घरात फार त्रास देते.

"बाबा, २००९ च्या लोकसभेला तुम्ही कशाचं बटण दाबलं?"

"अनंत गीते. धनुष्यबाण. आपली त्यांच्याशी युती होती."

"२०१४ ला?"

"तेव्हा आपला उमेदवार होता. रमेश कदम." हे मी जरा छाती काढून सांगितलं.

"२०१९ ला?"

"सुनील तटकरे. घड्याळ. आपला त्यांना पाठिंबा होता."

"ज्यांच्या विरोधात २०१४ ला होता?"

"हो."

"आणि २०२४ ला?"

"गीते."

"ज्यांना २०१९ ला पाडलं?"

"हो. पण या वेळी मशाल होती."

तिनं वहीत काहीतरी गोल केलं. "म्हणजे धनुष्यबाण, घड्याळ, मशाल, सगळ्यांना मतं देऊन तुम्ही एकनिष्ठ. आणि मी अजून एकही मत दिलेलं नाही तरी मी फितूर."

"तो युतीचा धर्म असतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात अनेकांना ऐकवलंय आणि त्यावर आजवर कोणी पुढे बोललं नव्हतं. सभेत या वाक्यानंतर टाळ्या पडतात. घरात मिक्सर सुरू झाला.

मिक्सर थांबल्यावर वाईट बातमी अशी कळली, की कन्येचा पक्ष मी ज्यांचं बटण दाबलं त्यांच्यापैकीच एक होता. त्याचा झेंडा मी स्वतः आमच्या ओट्यावर लावला होता. त्या वेळी ती लहान असल्यामुळे झेंड्याबरोबर काढलेला तिचा फोटोही आहे. तो तिनं आता मोबाइलवर स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर पुण्याच्या आत्यानं फोटोखाली दोन हात जोडले. ते कौतुकाचे की शोकाचे, हे अजून कळलेलं नाही.

मला वाटलं होतं आबा भडकतील. आबांनी लाल बावट्याच्या मोर्चात पायाची सालं काढली आहेत. पण त्यांनी नातीला समोर बसवून वेगळीच चौकशी सुरू केली. "पक्षात आहेस म्हणतेस. सतरंज्या उचलल्यास का कधी?"

"नाही."

"भिंती रंगवल्यास? रात्री खळ घेऊन पोस्टरं लावलीस?"

"आबा, आता रील करतात."

"ते कुठे चिकटवतात?"

तिनं मोबाइल दाखवला. आबांनी चष्मा वर-खाली करून तिच्या नेत्याचं अख्खं भाषण ऐकलं. मग म्हणाले, "आवाज बरा आहे. पण सभेत खोकला येत नाही याला, म्हणजे खरी सभा नाही." एवढं बोलून ते झोपले. पणजोबांचा वारसा आहे तो.

बायकोचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता आणि तो मला सुरुवातीला कळलाच नाही. मला वाटलं ती माझ्या बाजूनं आहे. "अगं, कोणाला मत द्यायचं ते दे ना," ती लेकीला म्हणाली, "पण सांगतेस कशाला? मत द्यायचं असतं, सांगायचं नसतं!"

मी म्हणालो, "बरोबर." मग जरा थांबून म्हणालो, "म्हणजे काय?"

बायको म्हसळ्याकडची. तिच्या माहेरी देव्हाऱ्याशेजारी बॅरिस्टर अंतुल्यांचा फोटो होता. आंबेतचा माणूस मुख्यमंत्री झाला आणि कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, हे तिच्या वडिलांनी तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. हे मला माहीत होतं. पण लग्नात अक्षता पडल्या की मतही सासरी येतं, अशी माझी समजूत होती.

"२००९ ला अंतुलेसाहेब उभे होते," ती शांतपणे म्हणाली. "शेवटची निवडणूक त्यांची. मी काय धनुष्यबाण दाबणार होते?"

पाचातलं एक गेलं. मी आईकडे पाहिलं. आई वाटाणे सोलत होती आणि जरा जास्तच लक्ष देऊन सोलत होती.

"आई, तू?"

"मी कशाला काय करतेय? २०१४ ला तेवढं एकदा."

"एकदा काय?"

"रोह्याहून मावशीचा फोन आला होता, तटकऱ्यांना दे म्हणून. बहिणीचा शब्द. पण तिथे गेले तर दोन सुनील तटकरे. मग घाईघाईत एकाला दिलं."

वाचकांपैकी जे रायगडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्या निवडणुकीत सुनील तटकरे २,१०० च्या आसपास मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. तो किस्सा मी दहा वर्षं पारावर रंगवून सांगत आलोय. कोण असतील हे भोळसट लोक, असं म्हणून हसत आलोय. त्यातलं एक मत आमच्या घरातून गेलं होतं आणि ते माझ्यासमोर वाटाणे सोलत होतं.

"तेव्हा ती चिठ्ठी कुठे होती?" आई म्हणाली. "आता सात सेकंद दिसते काचेतून. आता नाही चुकत माझं."

आता चुकत नाही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मुंबईच्या धाकट्या भावालाही फोन केला नाही. काही गोष्टींची माहिती न घेण्यातच संघटनेचं हित असतं.

पुढच्या काही दिवसांत घरात एक विचित्र शिस्त आली. टीव्हीवर कन्येचा नेता दिसला की मी आवाज कमी करायचो, आमचा दिसला की ती आवाज वाढवायची, म्हणे, "नीट ऐका तरी काय बोलतात ते." मी ऐकू लागलो. हा अनुभव फार क्लेशकारक होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि मग स्थानिक निवडणुकांचे वारे सुरू झाले आणि तालुक्यात कुजबुज उठली, की या वेळी आपला पक्ष आणि कन्येचा पक्ष एकत्र येणार. मी ती बातमी पेढ्यासह घरी आणली. म्हटलं, झालं, घर पुन्हा एक झालं.

कन्येनं पेढ्याला हात लावला नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, म्हणजे रंगानं तरी ती आमच्याकडे आली होती.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली.

"अगं, मी काय केलं?"

"तुम्हाला नाही, माझ्या पक्षाला म्हणतेय! तुमच्याबरोबर युती? जाहीरनाम्यात काय लिहिलंय आणि करतायत काय? मी नाही देणार मत. नोटा दाबीन."

"असं नसतं गं," मी तिला जवळ बसवून समजावू लागलो. "त्यांच्या नेत्यांनी काहीतरी विचार केला असेल. त्यांचीही काही अडचण असेल. तो चांगला पक्ष आहे." मी तिच्या पक्षाची बाजू घेऊन अर्धा तास बोललो. आबा मध्येच जागे होऊन म्हणाले, "आवाज बरा आहे त्याचा," आणि परत झोपले.

इतक्यात भाऊ आले. यादी काखेत, पेन खिशात. ओसरीवर टेकत म्हणाले, "पोरीचंही नाव लागणार म्हणे! मग आता सहा धरू ना?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आईकडे पाहिलं. कन्येनं तोंड फिरवलं. भाऊंनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं आणि पक्क्या घरात त्यांना पहिल्यांदाच थांबावं लागत होतं.

शेवटी आईच म्हणाली, "धर रे बाबा. धरायला काय जातंय?"