डोंगर पसंत पडला, आता मंजुरीचे बघा!

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
नियोजित खाण प्रकल्प

विषय : पर्यावरण मंजुरी व लोकांच्या पाठिंब्याबाबत विनाशुल्क सल्ला



आपल्याला डोंगर पसंत पडल्याचे कळले. अभिनंदन! आता मंजुरी आणि पाठिंबा एकाच मांडवात उरकता येतात. मुहूर्त आणि जागा तेवढी नीट निवडा.

आधी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल. त्याबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पाहणीला पावसाळा सोडून एक हंगाम पुरतो. ही सोय मोठी आहे. कोकणातला सडा, म्हणजे कातळाचे पठार, एप्रिलात पाहिला की ना फूल, ना पाण्याचा थेंब. ‘पडीक’ हा शेरा आपसूक उमटतो. तोच सडा जुलैत पाणी मुरवून खालच्या वाडीची विहीर भरतो, हे जुलैत चढणाऱ्यालाच कळणार. एवढीही सवड नसेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीचा दाखला आहेच. तिच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे उतरले होते. आपण निदान देश बदलायला विसरू नका.

मग जनसुनावणी. सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते. ती ऐन लावणीत द्या. मराठीत सारांश दिला की भागते; तो असा लिहून घ्या की तलाठ्यालाही शब्दकोश लागावा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी, असे नियम म्हणतो. पण जवळ म्हणजे किती, हे ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ठरवायचे. सुरजागडची लोहखनिज खाण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात. तिचे वार्षिक उत्पादन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये भरली गडचिरोली शहरात, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. शिवाय गणपूर्तीची अट नाही. माणसे आलीच, तर मनसोक्त बोलू द्या, चित्रीकरणही करा. हरकती इतिवृत्तात लिहाव्या लागतात. मान्य कराव्या लागत नाहीत.

पाठिंब्यासाठी देवळाला सभामंडप, पोरांना क्रिकेटचा चषक आणि चार जणांना डंपरचा ठेका. डंपरचे हप्ते चालू असलेला माणूस खाणीविरुद्ध बोलत नाही.

सावध राहायचे ते एकाच गोष्टीपासून. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. गावे राज्य सरकारनेच निवडली, तीही फक्त १२. जिल्हा न्यायाधीशांच्या देखत डोंगरिया कोंध आदिवासी बोलले आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. गावाला खरोखर विचारले, की असे होते.

तेव्हा सुनावण्या हव्या तितक्या घ्या. विचारू मात्र नका.

आपला हितचिंतक,
हरकतदारांच्या यादीत नाव असलेला
(पाळी येण्याआधी सभा संपली)