संगमनेर की लोणी?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेत अभियांत्रिकी महाविद्यालय निवडण्याची रीत ठरलेली आहे. संगमनेरचे अमृतवाहिनी, लोणीचे प्रवरा आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही १९८३ सालची. राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले तेव्हाची. तिन्ही गावांत साखर कारखान्यांचाही दबदबा आहे, हा योगायोग मानण्याची प्रथा आहे.

पहिला निकष खर्चाचा. शिक्षणशुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, म्हणून पालक त्यावरच तासभर घासाघीस करतात. वसतिगृह, मेस आणि एसटीचा पास यांचा हिशेब दुसऱ्या सत्रात उमगतो. शुल्कसवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. दाखला काढताना भल्याभल्या बागायतदारांना विनय सुचतो.

दुसरा निकष मुलाला काय मानवेल, हा. यात शाखा, प्रयोगशाळा, प्राध्यापक या किरकोळ बाबी. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, मामा कोणत्या गटाचा आणि चुलतभाऊ कुठे शिकला, यांवरून पसंतीक्रम भरला जातो. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, की जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. विद्यार्थ्याचे मत त्यानंतर विचारतात.