जिंकणाऱ्यांनी दुकानात येऊ नये

इंग्लंडमध्ये फुटबॉलवर पैसे लावणं कायदेशीर आहे. हरणंही कायदेशीर आहे. जिंकण्याबद्दल मात्र दुकानदारांचं मत जरा वेगळं आहे.

आधी दुकान बघू. समजा, शनिवारच्या सामन्याला बुकीने भाव काढला: यजमान 2.00, बरोबरी 3.40, पाहुणे 3.80. म्हणजे यजमानांवर 10 पौंड लावले आणि ते जिंकले, तर 20 हातात. आता शंभराला या तिन्ही भावांनी एकेक करून भागा. 50, 29.4 आणि 26.3. बेरीज 105.7. निकाल तीनच, त्यांच्या शक्यता मिळून शंभर टक्के, असं शाळेत शिकलो होतो. वरचे पावणेसहा कुठून आले, ते बुकीच्या दारातल्या गाडीला विचारा.

पावणेसहाची ही कात्री एका सामन्यावर फारशी बोचत नाही. म्हणून ‘अ‍ॅका’ काढला. अ‍ॅका म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर: पाच सामने एका पावतीवर, पाचही बरोबर आले तर घबाड. गुणाकार फक्त घबाडाचाच होतो असं गिऱ्हाइकाला वाटतं, कात्रीचाही होतो. वरच्याच भावांच्या हिशेबाने पाच सामन्यांच्या अ‍ॅकावर लावलेल्या शंभर पौंडांतले सरासरी 24 दुकानात राहतात. जाहिरातीत सगळा दंगा अ‍ॅकाचाच का असतो, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना हे कळतं ते आशियाई हँडिकॅपकडे, म्हणजे सामन्याआधीच एका संघावर कागदोपत्री गोलांचं ओझं टाकण्याकडे वळतात. तिथे बरोबरीची कटकट नाही, भाव दोनच आणि कात्रीही सहसा बारीक. पण तिथे पाव गोल असतो! उणे पाव गोल देऊन एखाद्या संघावर पैसे लावले आणि सामना बरोबरीत सुटला, तर निम्मे पैसे परत, निम्मे बुडाले. पाव गोल मारणारा खेळाडू अजून जन्मायचाय, पण त्यावर बुडालेले पैसे पुरे खरे असतात.

लेस्टर सिटीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2015-16च्या हंगामाआधी ते प्रीमियर लीग जिंकतील याला 5000ला 1 भाव होता, आणि ते जिंकले. दहा पौंडांचे पन्नास हजार. पण हंगामाच्या उत्तरार्धात बुकींनी ‘कॅश आउट’चं बटण पुढे केलं: आत्ताच एवढे घ्या आणि गप्प घरी जा. काहींनी घेतले, आणि मे महिन्यात हुकलेली रक्कम मोजत बसले. बाकीच्यांचे पैसे बुकींनी चुकते केले, आणि त्या बदल्यात त्यांना अशी गोष्ट मिळाली की जी ऐकून माणसं अजूनही तळाच्या संघांवर पाचाची नोट लावतात.

आता स्ट्रॅटेजी. सर्वांत लोकप्रिय: हरलात की रक्कम दुप्पट करा, एकदा जिंकलात की सगळं वसूल. दहा पौंडांपासून सुरुवात करून ओळीने दहा वेळा हरलात तर 10,230 पौंड गेले, आणि अकराव्या वेळी 10,240 लावायचे. 2.00च्या भावाने जिंकलात तर निव्वळ नफा? 10 पौंड. दुसरी स्ट्रॅटेजी म्हणजे टिप देणारे गुरुजी. यांतल्या कित्येकांना बुकीकडूनच कमिशन मिळतं, तेही त्यांनी पाठवलेलं गिऱ्हाईक जेवढं हरेल त्यावर. शिष्य नापास झाला की गुरूला दक्षिणा, अशी ही पाठशाळा.

मग कुणीच जिंकत नाही का? जिंकतात की. आकडेमोड पक्की असणारे, बुकीचा भाव चुकला की तेवढ्यावरच लावणारे थोडे लोक असतात. बुकीला त्यांचा वास पटकन लागतो आणि ‘आपल्या खात्याची मर्यादा बदलली आहे’ असा सभ्य निरोप जातो. पुढच्या खेपेला शंभर लावायला गेलात तर यंत्र म्हणतं, दोन पौंड चालतील. हेही कायदेशीर. भरपूर हरणाऱ्याला मात्र व्हीआयपी म्हणून मॅनेजर नेमून देत, सामन्याची फुकट तिकिटं पाठवत. 2020मध्ये जुगाराच्या नियामकाने या प्रकाराला वेसण घालायला घेतली.

जे फारच मोठ्या प्रमाणावर जिंकले त्यांनी क्लबच घेतले. टोनी ब्लूम ब्रायटनचा मालक, मॅथ्यू बेनहॅम ब्रेंटफर्डचा. दोघांची संपत्ती फुटबॉलच्या आकडेवारीवर पैसे लावून आणि त्या आकडेवारीचाच धंदा करून उभी राहिली. दोघांचेही क्लब आज नेटके चालतात, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. खेळाडूचा भाव चुकलाय हे ओळखणं त्यांचं जुनंच काम.

याच ब्रेंटफर्डचा तेव्हाचा खेळाडू आयव्हन टोनी. सट्ट्याचे नियम 232 वेळा मोडल्याबद्दल मे 2023मध्ये त्याला आठ महिन्यांची बंदी आणि 50,000 पौंड दंड झाला. त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं निदान झालं होतं, हे शिक्षा देणाऱ्यांनीही मान्य केलं. गुन्हा खराच, खेळणाऱ्याने फुटबॉलवर पैसे लावू नयेत, यात दुमत नाही. पण मालकाची कमाई सट्ट्यातून, आणि टोनी मैदानात घालून उतरत होता त्या जर्सीच्या छातीवर नाव कुणाचं? हॉलिवूडबेट्स. बुकी. त्या संपूर्ण चित्रात सट्ट्यापायी शिक्षा झालेला एकच माणूस होता, आणि तो आजारी होता.

आपण इकडे 2025मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने सरसकट बंदी घातली आणि मोकळे झालो. इंग्रज माणूस असा घायकुतीला येत नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल 2023मध्ये स्वखुशीने ठरवलं: 2025-26चा हंगाम संपला की जर्सीच्या छातीवर बुकीचं नाव नको. बाहीवर चालेल.